आधी ऐकून घ्या, मग लिहून द्या



दादरमध्ये आपलं सगळ्यांचं स्वागत. पहिल्या दोन रांगांत बसलेल्या तरुणांचं स्वागत मी करावं, हे जरा उलटंच आहे म्हणा. यातली काही पोरं इथल्याच पुलाखाली वाढली; पाहुणे असलोच तर आम्ही. मी दुकानदार. दारासमोर पथारी लागली की वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकणाऱ्यांपैकी. फुटपाथ चालायला मोकळा हवा, हे माझं मत आजही कायम आहे. तरी संयोजकांनी मलाच स्वागताध्यक्ष केलं. भांडणातल्या एका पक्षाला यजमान केलं की तो निदान दिवसभर तरी नीट वागेल, असा त्यांचा हिशेब असावा.

फुटपाथवर राहणाऱ्यांच्या आणि पोट भरणाऱ्यांच्या प्रश्नाचं मुंबईशी जुनं नातं आहे. 1981 च्या पावसाळ्यात फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून शहराबाहेर धाडायचं सरकारनं ठरवलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. 1985 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं सांगितलं, की पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालातली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. महापालिका कायद्याचं कलम 314 बिननोटीस अतिक्रमण हटवू देतं, पण हटवण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घेणं हाच नियम, न ऐकणं हा अपवाद, असं कोर्ट म्हणालं. आणि एवढं करून फुटपाथवासीयांच्या पदरात काय पडलं? पावसाळा सरल्यावर महिनाभरापर्यंतची मुदत. म्हणजे ऐकून घेतलं, आणि उठा म्हटलं.

म्हणून नुसत्या ऐकून घेण्यावर माझा फारसा भरवसा नाही. बसायला हक्काची खुर्ची हवी. ती एका ठिकाणी आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समिती आणली. आयुक्त तिचे अध्यक्ष आणि किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले. तिथं व्यापारी संघटनांनाही जागा आहे, म्हणजे आम्हीही समोरासमोर. पण मेख विक्रेत्यांच्या यादीत आहे. मुंबईत सर्वेक्षण झालं 2014 मध्ये आणि समितीची निवडणूक झाली 2024 मध्ये, त्याच जुन्या यादीवर. 2014 साली जो दहा वर्षांचा होता आणि आज सिग्नलला गजरे विकतो, तो त्या यादीत असणार कसा? आणि यादीत नसलेल्याला मत कुठलं?

बरं, साधी मतदार यादी घ्या. बेघर माणसालाही नाव नोंदवता येतं. फॉर्म 6 मध्ये झोपायची जागा लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, म्हणजे बीएलओनं, एकापेक्षा जास्त रात्री तिथं येऊन माणूस खरंच झोपतो का ते पाहायचं. पटलं की राहण्याचा कागद मागायचा नाही. नियम चांगला आहे, मनापासून सांगतो. पण आमच्या फूलबाजाराला रात्री झोप नसते. पहाटेच्या अंधारात गाड्या लागतात, झेंडूच्या गोण्या उतरतात. हमाली करणारं पोरगं तेव्हा गोणीखाली असतं आणि झोपतं उन्हं वर आल्यावर. बीएलओ येणार रात्री! पाऊस लागला किंवा पालिकेची गाडी आली, तर झोपायची जागाही बदलते. निवडणूक शाखेचे अधिकारी आज इथं आहेत. यावर तोडगा काय, हे त्यांना विचाराच. मलाही ऐकायचं आहे.

रस्त्यावरच्या पोरांना हक्काची खुर्ची देणं कुठंच जमलेलं नाही असं नाही. ब्राझीलमध्ये रस्त्यावरच्या मुलामुलींची राष्ट्रीय चळवळ 1985 मध्ये उभी राहिली. 1989 साली ती मुलं थेट संसदेच्या सभागृहात जाऊन बसली आणि पुढच्याच वर्षी बाल व किशोर कायदा झाला. त्या कायद्यानं प्रत्येक नगरपालिकेत सरकार आणि लोकसंघटना यांना निम्मं निम्मं स्थान देणारी समिती आणली. त्यानं तिथले रस्ते रिकामे झाले नाहीत, पण गाऱ्हाणं कुठं न्यायचं ती खोली तरी ठरली.

आता आजच्या कामाचं. पहिल्या सत्रात अधिकाऱ्यांची भाषणं नाहीत. प्रश्न तरुण मांडतील, उत्तर देणाऱ्यानं नाव, हुद्दा आणि तारीख घालून कागदावर लिहून द्यायचं. ‘बघतो’ हे उत्तर टेबलावर घेतलं जाणार नाही. या कागदांच्या प्रती विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांकडे राहतील. शौचालयाचे पैसे, निवाऱ्याची वेळ, ओळखपत्र, रात्रीची पोलीस चौकशी, असे प्रश्न आलेलेच आहेत. आमच्या व्यापाऱ्यांविरुद्धही दोन आहेत. त्यांची उत्तरं मी देईन.

जेवण साडेअकराला ठेवलं आहे. बाजारातून थेट आलेल्यांना त्यापुढं दम धरवणार नाही. चहा मागच्या दाराशी सतत चालू राहील. व्यवस्थेत काही कमीजास्त झालं तर स्वागत समितीला हक्कानं सांगा. अध्यक्षमहाराज, सभा आपल्या हाती.