बोलण्याचे पैसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या आधी बोलायचे तर थोडक्यात बोलावे, हे मी जाणते. विषय हिशेबाचा घेतला आहे, कारण हिशेब आपल्याला नवा नाही. मनाच्या आजारावर डॉक्टर नुसते बोलतात. त्याचे पैसे का मोजावेत?

आजाराचे नाव सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. नाव विसरलात तरी चालेल, लक्षणे ध्यानात ठेवा. सकाळी जिच्यावरून जीव ओवाळून टाकावा, ती मैत्रीण संध्याकाळी वैरीण वाटते. आपल्याला कोणी टाकून जाईल ही धास्ती सदैव. राग आवरत नाही, आतून सगळे रिते वाटते, आणि त्या भरात स्वतःच्याच जिवाला इजा होते. घरचे म्हणतात, "नखरे आहेत." शेजारच्या म्हणतात, "बाहेरचे लागले आहे." दोन्ही खोटे.

माझ्या नात्यातल्या एका मुलीला हा विकार आहे. तिची आई जिंतूरकडची, सातवी शिकलेली, पण जमाखर्चाची वही चोख. तिच्या संमतीने त्यातली दोन पाने सांगते. एका वर्षात मुलीला दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले. खर्च १ लाख ४५ हजार. बापाच्या कापूसवेचणीचे दिवस बुडाले, ते निराळे. देवऋष्याचे नारळ-कोंबडे वहीत आहेत, पण ते मी बेरजेत धरत नाही! पुढच्या वर्षी परभणीच्या एका मानसतज्ज्ञ बाईंकडे दर आठवड्याला एक तास. ४८ वेळा, दर वेळी ६०० रुपये, म्हणजे २८ हजार ८००. मायलेकींना २०२३ पासून एस.टी.चे तिकीट अर्धे, म्हणून प्रवासाचे सहा-सात हजार. त्या वर्षी मुलगी दोनदा फार बिघडली, पण रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही.

एका घराच्या वहीवरून जगाचा निवाडा करू नये, हे खरे. म्हणून थोरामोठ्यांच्या वह्याही पाहू. पूर्वी हा विकार बरा होत नाही असेच बहुतेक डॉक्टर मानत. अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांनी भावनांचा लोंढा आला तर काय करावे हे शिकवणारी एक पद्धत बसवली आणि १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. पुढे, २०११ मध्ये, तरुणपणी आपणही असेच सोसले होते, हे त्यांनी चारचौघांत सांगितले. मला त्या बाईंचे हे धैर्य त्यांच्या विद्वत्तेहून मोठे वाटते. २०१७ मध्ये काही संशोधकांनी खर्चाचे ३० अभ्यास एकत्र तपासले. कसोटीला उतरलेल्या बोलण्याच्या उपचाराने माणशी वर्षाला सरासरी सुमारे २,९८८ डॉलर वाचतात, असे त्यांना दिसले. हे आकडे श्रीमंत देशांचे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण कारण तेच: पैसा खातात ते रात्रीअपरात्रीचे रुग्णालय आणि बुडालेली कामे.

अडचण पैशाची थोडी, माणसांची जास्त. ही पद्धत शिकलेले लोक मोजके, तेही शहरांत. तिथे आपल्या शेजाऱ्यांनी वाट दाखवली आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून उदास रोग्यांशी सहा ते आठ बैठका बोलायला लावले. तीन महिन्यांनी ६४ टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत गावच्याच कार्यकर्त्यांनी घरोघर विचारपूस केली. उपचार घेणारे उदास रोगी शंभरांत चारांवरून सत्तावीस झाले. हे प्रयोग उदासीनतेवरचे, आमच्या मुलीच्या विकारावरचे नव्हेत. त्याला जास्त शिकलेला माणूस आणि जास्त महिने लागतात. तरी रोगी दारापर्यंत आणणे निम्मे काम आहे. आपल्या जिल्ह्यातही २०१५ मध्ये शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प निघाला, त्यात आशाताई घरोघर गेल्या.

आणखी एक भीती असते, पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे ठरवले आहे. ज्यांचा विमा आहे, त्यांनाही मनाच्या आजारासाठी इतर आजारांसारखीच भरपाई मिळाली पाहिजे, असे तोच कायदा सांगतो. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. पदराच्या गाठीला बांधून ठेवा.

शेवटी एक मागणी. आपल्या शिल्लकेतून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून, जिला तज्ज्ञाकडे जायचे आहे तिला एस.टी.चे भाडे द्यावे, आणि सोबतीला आपल्यातली एक जण जावी. कोण कशासाठी गेली हे चिटणीसबाईंच्या पलीकडे कळू नये. ठराव मी लिहून आणला आहे. अनुमोदन कोण देते?