दिशादर्शक साधनाची निवड



बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघणाऱ्या प्रवाशाने दिशादर्शक साधन निवडताना एक भेद ध्यानी घ्यावा. स्थाननिश्चिती किमान ४ उपग्रहांच्या संकेतांवरून होते. तिला मोबाईलचे जाळे लागत नाही. नकाशा मात्र बहुधा इंटरनेटवरून येतो. घाटातील रानात संपर्क तुटला, तर पडद्यावर ठिपका उरतो, रस्ता दिसेनासा होतो. म्हणून संपूर्ण मार्गाचा नकाशा घरीच साठवून घेता येईल, असेच साधन पत्करावे. सूचना ते बोलून देत असल्यास चालकाची नजर रस्त्यावरून ढळत नाही.

परंतु पावसाळ्यात दरड कोसळल्याची वार्ता साठवलेल्या नकाशाला नसते. अशा वेळी वाटेवरील गावकऱ्यांस विचारून पुढे जाण्यात कमीपणा नाही, शहाणपणच आहे.