विद्येची शिदोरी : बेला गुटमन यांचे चरित्र
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आपल्या घरोघरची मुले आज उद्योगधंद्यासाठी दूरदेशी जात आहेत. त्यांच्या बरोबर कोणती शिदोरी द्यावी, हा प्रश्न प्रत्येक आईबापांस पडतो. त्याचे उत्तर आम्हांस एका फुटबॉलपटूच्या चरित्रात सापडले. ते आज आपणांपुढे ठेवीत आहो.

बेला गुटमन यांचा जन्म १८९९ साली बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील नृत्यशिक्षक होते. मुलाने फुटबॉलमध्ये नाव कमाविले. परंतु पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत ज्यूद्वेष बोकाळला, आणि १९२२ मध्ये त्यांनी व्हिएन्ना गाठले. तेथे हाकोआ हा ज्यूंचा क्लब होता. हाकोआ म्हणजे सामर्थ्य. इतर क्लबांची दारे बंद दिसल्यामुळे त्या समाजाने १९०९ मध्ये तो स्वतः स्थापिला होता. १९२५ मध्ये ह्या क्लबाने ऑस्ट्रियाचे अजिंक्यपद पटकाविले, तेव्हा गुटमन हे संघाच्या मधल्या फळीचा कणा होते.

१९२६ मध्ये संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. गुटमन न्यूयॉर्कलाच राहिले, तेथे खेळले आणि पैसाही मिळविला. १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात तो सर्व बुडाला. १९३२ मध्ये ते व्हिएन्नास परतले व पुढे प्रशिक्षक झाले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत करताच हाकोआ क्लब बरखास्त झाला. गुटमन बुडापेस्टला आले आणि १९३९ मध्ये त्यांनी उयपेश्त संघास हंगेरीचे अजिंक्यपद मिळवून दिले.

त्यानंतरची वर्षे सांगताना शब्द अपुरे पडतात. हा विजयी प्रशिक्षक माळ्यावर लपून राहिला, पुढे सक्तमजुरीच्या छावणीत पडला, आणि १९४४ च्या अखेरीस तेथून निसटला. वडील, बहीण व अनेक आप्त नाझींच्या हत्याकांडात बळी पडले. युद्ध संपले तेव्हा घर, धन, गोत यांपैकी फारसे काही उरले नव्हते. उरली होती ती केवळ विद्या. रुमानियात टंचाईच्या दिवसांत त्यांनी वेतन म्हणून अन्नधान्य व भाजीपाला मागून घेतला, असे सांगतात.

त्याच विद्येच्या बळावर ते इटली, ब्राझील व पोर्तुगाल येथे गेले. १९५७ मध्ये साओ पावलो क्लबाने राज्यस्पर्धा जिंकली. पुढे लिस्बनच्या बेन्फिका संघाने १९६१ व १९६२ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपीय चषक जिंकला. १९६२ च्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिद मध्यंतरास ३-२ ने पुढे होते; शेवटी बेन्फिका ५-३ ने विजयी झाले. अखेरचे दोन गोल युसेबियो ह्या मोझांबिकहून आलेल्या तरुणाचे होते. त्याची वार्ता गुटमन यांना केशकर्तनालयात एका जुन्या ब्राझिलियन शिष्याकडून कळली, आणि त्यांनी त्याला तत्परतेने बोलावून घेतले.

ते निर्दोष होते असे मात्र नव्हे. स्वभाव तापट, आणि मोबदल्याविषयी आग्रही. १९५५ मध्ये मिलान संघ अग्रस्थानी असतानाच त्यांना निरोप मिळाला; १९६२ मध्ये वेतनाच्या वादातून त्यांनी बेन्फिका सोडले. शंभर वर्षे ह्या संघास युरोपीय चषक लाभणार नाही, असा शाप त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे. २०१४ पर्यंत बेन्फिका युरोपातील आठ अंतिम सामने हरले, म्हणून ती टिकून आहे. परंतु वारंवार लुटल्या गेलेल्या मनुष्याने आपल्या श्रमाचे मोल रोख मागितले, तर त्यात नवल ते काय? १९८१ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

बंधुभगिनींनो, विद्याधन चोरास नेता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. येथे त्याची कसोटी भयंकर अग्नीत झाली. तथापि विद्या असूनही कोणीतरी दार उघडावे लागते. गुटमन यांना ते हाकोआने उघडले, आणि त्यांनी युसेबियोला उघडले; तो ना त्यांच्या धर्माचा होता, ना वर्णाचा. आपले मंडळ आपल्या मुलांस शिष्यवृत्ती देते, हे भूषणावह आहे. परंतु हाकोआची गरज पडली ती इतरांनी दारे लावली म्हणून, हेही आपण विसरू नये. आपल्या मुलांस विद्या द्यावी, आणि आपले दार कोणाही गुणी मुलासमोर बंद होऊ देऊ नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.