तलावांची झाडीपट्टी आणि पुराचे पाणी

समुद्रकाठच्या खारफुटीचा उल्लेख पूरनियंत्रणाच्या चर्चेत नेहमी होतो आणि तो योग्यच आहे, कारण भरतीच्या पाण्यात उभी राहणारी ही झाडे आपल्या मुळांच्या दाट जाळ्याने लाटांचा जोर खातात. अनेक देशांतील मोजणीनुसार 100 मीटर रुंदीच्या खारफुटीच्या पट्ट्यात लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटते. 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. महाराष्ट्रात हा धडा 26 जुलै 2005 रोजी मुंबईने घेतला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या मुखाकडची खाजणे भरावाखाली गेलेली असल्याने भरतीच्या वेळी शहरात साचलेल्या पाण्याला पसरायला जागाच उरली नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली.

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही; परंतु खारफुटीचे जंगल ज्या नियमाने पूर सौम्य करते, तोच नियम धानाच्या या प्रदेशालाही लागू पडतो. पूर म्हणजे केवळ जास्तीचे पाणी नव्हे, तर थोड्या वेळात एका ठिकाणी जमलेले पाणी होय. पाणलोट क्षेत्रावर, म्हणजे ज्या भूभागावरचा पाऊस अखेर एकाच नाल्यात किंवा नदीत उतरतो त्या भूभागावर, पडलेले पाणी सर्व बाजूंनी एकदम नदीत पोहोचले की प्रवाह एका क्षणी कमाल होतो. या कमाल प्रवाहाला पूरशिखर म्हणतात, आणि काठावरची घरे व पिके या शिखराच्या उंचीमुळे बुडतात. पाण्याला वाटेत पसरायला जागा मिळाली आणि वनस्पतींच्या अडथळ्याने त्याचा वेग मंदावला, तर तेवढेच पाणी अधिक तासांत वाहून जाते आणि शिखर खाली येते. किनाऱ्यावर हे काम खाजणे करतात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, ते तलाव, बोड्या (लहान तळी), धानाच्या बांध्या आणि तलावकाठची दलदल करतात.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. वर्षाकाठी सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. बाघ, पांगोली, चुलबंद, गाढवी या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले हे पाणी वाहून नेतात. जमीन हलक्या उताराची, खाली कठीण खडक, त्यामुळे पाणी फारसे मुरत नाही, वाहून जाते आणि पावसाळा सरताच तुटवडा जाणवतो. या दोन्ही अडचणींवर गोंड राजवटीच्या काळात एक तोडगा निघाला. राजांनी जमिनीचे हक्क देऊन तलाव बांधण्यास उत्तेजन दिले आणि पाण्याची पातळी व जमिनीचा चढउतार नजरेने ओळखण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजाने हे काम पिढ्यानपिढ्या केले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण असून, त्याच्या उभारणीशी परंपरेने कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. पुढे गावचा शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे या तलावांची देखरेख गेली आणि 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर ते शासनाच्या मालकीचे झाले. तेव्हापासून कागदोपत्री त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे पडले आणि बोलण्यात त्याचे ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे.

पुराच्या दृष्टीने या तलावांचे महत्त्व एकेकट्या तलावात नसून त्यांच्या रचनेत आहे. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी आपोआप बाहेर पडावे म्हणून ठेवलेल्या खालच्या पातळीच्या वाटेवरून, निघालेले पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत उतरते, तेथून त्याच्या खालच्यात, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला थोडे थांबावे लागते. भरलेला तलाव पूर कसा अडवणार, असा आक्षेप येथे घेतला जातो आणि तो वरवर रास्त वाटतो. परंतु सांडव्यावरून पाणी वाहण्यासाठी तलावाची पातळी आधी सांडव्याच्या माथ्यापेक्षा वर चढावी लागते आणि तेवढ्या चढावर तात्पुरता मोठा साठा होतो. नवेगावबांधचे पृष्ठक्षेत्र सुमारे 11 चौरस किलोमीटर धरले, तर पाणी केवळ 30 सेंटिमीटर चढल्याने 33 लाख घनमीटर पाणी तेथे काही काळ थांबते. हे पाणी पुढे एका दिवसात संथपणे बाहेर पडले, तर प्रवाह सेकंदाला सुमारे 38 घनमीटर राहतो; तेच दोन तासांत खाली कोसळले असते, तर तो साडेचारशेच्या पुढे गेला असता. धानासाठी पाणी सोडण्याचे दार म्हणजे तुडूम. ते उघडून हस्त नक्षत्रात पिकाला पाणी देता यावे, हा बांधणाऱ्यांचा हेतू होता. पुरापासूनचा दिलासा ही त्याची न मागता मिळालेली जोड आहे.

धानाच्या बांधीचाही हिशेब करावा लागतो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घालून सपाट केलेला शेताचा तुकडा. रोवणीनंतर अशा एका हेक्टरात 10 सेंटिमीटर जादा पाणी उभे राहिले, तर 1000 घनमीटर पाणी नाल्यात जाण्यापासून थांबते, आणि जिल्ह्यात खरिपात दीड लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर धान होतो. अर्थात जुलैअखेर बांध्या बऱ्याचशा भरलेल्या असतात आणि धुरे फुटले की साठलेले पाणी एकदम सुटते, त्यामुळे ही क्षमता पूर्ण गृहीत धरणे चुकीचे ठरेल.

तलावाचा काठ या सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, विरुद्ध बाजूला, जेथे पाणी उथळ होत होत शिवाराला भिडते, तेथे देवधान नावाचा रानटी धान, कमळ, शिंगाडा आणि पाण्याखालच्या अनेक वनस्पती वाढतात. येवा, म्हणजे पाणलोटातून तलावात येणारे पाणी, या वनस्पतींतून गाळून येताना आपला गाळ काठावरच टाकतो आणि तलावाच्या मध्यभागी तो कमी पोहोचतो. तलाव जितका उशिरा गाळाने भरेल, तितकी त्याची पाणी सामावण्याची ताकद टिकते. मासे याच वनस्पतींत अंडी घालतात, सारस पक्षी याच दलदलीत चरतात, आणि ढिवर समाजाची मासेमारी याच पट्ट्यावर उभी आहे. काठावर बेशरमचे झुडूप माजले की हा पट्टा हळूहळू बंद होतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर महिलांच्या बरोबरीने बेशरम उपटून तेथे स्थानिक जलवनस्पती लावण्याचे जे काम केले, ते मासळीसाठी म्हणून ओळखले जाते. पूरनियंत्रणाच्या खात्यावरही त्याची नोंद व्हायला हरकत नाही.

तलावांच्या गाळाचा प्रश्न शासनाने ओळखलेला आहे आणि 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली जाते. मात्र यंत्राने गाळ काढताना काठ उभा कापला गेला, तर तलाव खोल होतो आणि उथळ दलदल नाहीशी होते; साठा वाढला असे कागदावर दिसते, पण येवा गाळणारी वनस्पती नष्ट झाल्याने तो साठा पुन्हा लवकर गाळाने भरतो. त्याहून अवघड दुखणे बुडीत क्षेत्राचे आहे. पाणी पूर्ण भरल्यावरच जी जमीन बुडते, ती कमी पावसाच्या वर्षांत कोरडी राहते, तेथे पीक घेतले जाते, पुढे धुरे पडतात, आणि भरपूर पावसाच्या वर्षी शेत बुडू नये म्हणून सांडवा फोडण्याची किंवा खाली करण्याची मागणी होते. पिकाची चिंता खरी असते. पण सांडवा खाली आला की खालच्या गावाच्या वाट्याला वाढीव पूर येतो.

तलावांकडून सर्व पुरांचे उत्तर मागणे हाही भाबडेपणा होईल. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर धरणातून मोठा विसर्ग झाला आणि वैनगंगेने गोंदियाच्या नदीकाठच्या गावांपासून भंडारा शहर आणि पुढे गडचिरोलीपर्यंत हाहाकार उडवला. जिल्ह्यातील तलावांनी त्या पुरात फार मोठा फरक पाडला असता असे मानण्यास आधार नाही, कारण पाणी तलावांच्या पाणलोटातून आलेच नव्हते. असा पूर धरणांच्या दारांच्या वेळापत्रकाने आणि दोन राज्यांतील आगाऊ सूचनेने हाताळावा लागतो. पांगोली, चुलबंद आणि गावनाल्यांना एका रात्रीच्या पावसाने येणारा पूर वेगळा. दरवर्षी धुरे फोडणारा आणि रस्ते वाहून नेणारा हा पूर मोजमापात लहान असला तरी गावकऱ्याच्या वाट्याला वारंवार येतो, आणि तलावांची साखळी त्याच्यावरच उपयोगी पडते.

या साखळीला कायद्यात मात्र स्थान नाही. 1971 च्या रामसर कराराच्या व्याख्येत भातशेती आणि मानवनिर्मित तलाव हे दोन्ही पाणथळ जागांत मोडतात. भारताच्या 2017 च्या पाणथळ जागा नियमांनी मात्र भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेली जलाशये व्याख्येतून वगळली आहेत. म्हणजे झाडीपट्टीत पुराचे पाणी थोपवणाऱ्या ज्या दोन मुख्य गोष्टी आहेत, नेमक्या त्याच या नियमांच्या संरक्षणाबाहेर पडतात. कारभारही विभागलेला आहे: 100 हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि मधल्या बोड्या बहुधा खासगी मालकीच्या. एकाच नाल्यावर वरचा तलाव एका कार्यालयाचा आणि खालचा दुसऱ्याचा असला की वरच्या सांडव्याची उंची बदलताना खालच्याची विचारपूस करणे कोणावरच बंधनकारक राहत नाही.