विलीनीकरण झाले, पण कुणाचे?

(कूळ आणि रापणकार बांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



बोलावणे घेऊन आलेल्या पोरांनी मला सांगितले, "विलीनीकरणावर बोला." मी म्हटले, बाबांनो, हा विषय आता कोण ऐकणार? पण मग ध्यानात आले की हा शब्द गोव्यात आज जितका चालतो तितका भाऊसाहेब बांदोडकरांच्या वेळीही चालत नव्हता. फरक इतकाच, की तेव्हा प्रदेश विलीन व्हायचा होता. आता आमदार होतात.

इथल्या म्हाताऱ्यांना 16 जानेवारी 1967 आठवत असेल. एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला दोन पाने. आमच्या बापाने धुतलेला सदरा घालून फुलावर शिक्का मारला. फुलाला 1 लाख 38 हजार 170 मते पडली, पानांना 1 लाख 72 हजार 191. आपण हरलो. हरलो ते हरलो; पण त्या कौलासाठी संसदेला कायदा करावा लागला, भाऊसाहेबांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि तीन लाखांहून जास्त माणसे पायपीट करून मतपेटीपाशी गेली. एवढे सगळे झाले तेव्हा कुठे उत्तर मिळाले, आणि तेही 'नको' असे!

आता आजची रीत पाहा. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे 1985 सालच्या पक्षांतरबंदीत, लिहिले आहे की पक्ष सोडला तर आमदारकी जाते. मात्र पक्षच दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोनतृतीयांश आमदारांनी मान डोलावली, तर जात नाही. म्हणजे एकाने उडी मारली तर तो फितूर, आणि सगळ्यांनी मिळून मारली तर ते विलीनीकरण. खाडीत एकटा बुडणारा बुडतो, आणि दहा जण बुडाले तर ती जलक्रीडा.

आधी आपल्याच घरचे सांगतो, नाहीतर म्हणाल झाकून ठेवले. ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जन्मच विलीनीकरणासाठी झाला, त्याचे 2019 साली विधानसभेत उरले होते तीन आमदार. तिघांतले दोन म्हणजे बरोबर दोनतृतीयांश. 27 मार्चला मध्यरात्र उलटून गेल्यावर त्या दोघांनी 'विलीनीकरण' केले, ते भारतीय जनता पक्षात. सकाळी उठून माणसे तिंट्यावर मासे घ्यायला गेली तेव्हा कळले की रात्री आपला सिंह कुणीतरी सोडून नेला. आयुष्यभर विलीनीकरण मागितले, आणि मिळाले ते असे. उरलेल्या तिसऱ्याचे उपमुख्यमंत्रिपद त्याच दिवशी गेले. पुढे 2022 ची निवडणूक याच पक्षाने सत्ताधाऱ्यांच्या विरोधात लढवली, दोन जागा मिळवल्या आणि निकाल लागताच त्यांनाच पाठिंबा दिला. सिंहाला पुन्हा मंत्रिपद मिळाले. असो.

त्याच 2019 सालच्या 10 जुलैला काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी तेच केले. तारीख लक्षात घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी सांधायला काढलेली. का, तर मासळी गाभोळी असते, तिला वाढू द्यावे. माशांवर एवढी दया करणाऱ्या सरकारला आमदारांसाठी एकही बंदीचा महिना सुचला नाही. सभापतींनी त्या दहांना अपात्र ठरवले नाही आणि फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. कायद्याला दोष देऊ नका. कायद्याने दार ठेवले होते, त्यातून ते गेले.

पण खरी मौज पुढेच. लोकांचा विश्वास उडाला म्हणून जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसने आपले उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरिसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली: पक्ष सोडणार नाही. एक देव पुरेना म्हणून तीन ठिकाणी! 14 फेब्रुवारीला मतदान झाले. 11 निवडून आले. बरोबर सात महिन्यांनी, 14 सप्टेंबरला, त्यांतले 8 गेले. दिगंबर कामतांना पत्रकारांनी शपथेचे विचारले. ते म्हणाले, मी देवळात जाऊन देवाला विचारले आणि देवाने सांगितले, तुला योग्य वाटेल ते कर.

तुम्ही सगळे देवाला कौल लावणारी माणसे. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. 'तुला वाटेल ते कर' अशी पाकळी कुणी पडलेली पाहिली आहे का? आमच्या गुरवाला विचारले. तो म्हणाला, भाऊ, अशी पाकळी असती तर आमच्याकडे कोण आले असते?

हसता आहात, हसा. पण या येण्याजाण्यात तुमचे काय झाले तेही बघा. एलईडी दिव्यांनी मासेमारी करायला केंद्राने 2017 सालीच बंदी घातली. रात्री समुद्रावर दिवे दिसतात की नाही हे मला सांगायला नको. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला आधार दिला, तरी आजा वारला, बाप म्हातारा झाला आणि खटला अजून चालूच आहे असे कितीजण या मंडपात बसले आहेत! विरोधात म्हणून निवडून दिलेला माणूस सरकारच्या बाकावर जाऊन बसला, तर विधानसभेत हे कोण विचारणार? अकरांतले तीन उरले. त्यांनी किती ओरडायचे?

पुढची निवडणूक 2027 साली. उमेदवार येतील, देवळात गाऱ्हाणे घालायला नारळ घेऊनच येतील. त्यांना देवळात नेऊ नका, देवाला उगाच साक्षीला ओढू नका. इथे रापण ओढतो त्या वाळूत उभे करा आणि लिहून घ्या की पक्ष बदलायचा झाला तर आधी राजीनामा देईन आणि पुन्हा तुमच्यासमोर मते मागायला येईन. कोर्टात तो कागद चालणार नाही, मला ठाऊक आहे. पण सही करताना कोणाचा हात थरथरतो ते तरी दिसेल. कागद माझ्याकडे आणून द्या. आपल्या साप्ताहिकात सहीसकट छापू.