औषधाच्या जोडीला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुक्ताईच्या पालखीबरोबर आपल्यातल्या कितीजणी पंढरपूरला जातात. तेथेच मंगलताई शहा यांनी २००१ साली ‘पालवी’ सुरू केली. एचआयव्ही असलेली निराधार मुले तेथे राहतात, शिकतात.

सरकार २००४ सालापासून या रोगाचे औषध फुकट देते. औषध रोगाला आवरते. पण तो मेंदूवरही परिणाम करतो, म्हणून काही मुले उशिरा बसतात, उशिरा चालतात-बोलतात. त्यांना व्यायाम, खेळ आणि बोलायला माणसे हवीत. औषधाला नेतो त्याच दिवशी व्यायामाचेही डॉक्टरांना विचारावे.

सोबत खेळल्या-जेवल्याने हा रोग लागत नाही. हे ठाऊक नव्हते तेव्हा असे एक लेकरू मी ओट्यावरून उठवले होते. आता उठवणार नाही. तुम्हीही उठवू नका, एवढीच विनंती.