गुहेतल्या मातीचं वय



गेल्या हिवाळ्यात आपली सहल मांडूला गेली होती. रूपमतीच्या मंडपात उभे राहून आम्ही खालचं निमाड बघत होतो, तेवढ्यात एका छोट्यानं विचारलं, "राजाराणीच्या आधी इथे कोण राहायचं?" मोठ्यांपैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्या मुलासाठी.

मांडूचा डोंगर काळ्या कातळाचा. आदिमानवाचा मुक्काम बघायचा तर भोपाळपुढे भीमबेटकाच्या वालुकाश्मात जावं लागतं. ती जागा जगापुढे आणली आपल्याच माळव्यातल्या माणसानं. नीमचला १९१९ साली जन्मलेले विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ मध्ये रेल्वेनं जात होते. खिडकीतून ते खडक दिसले आणि ते पायी तिकडे गेले. (आपण खिडकीतून चहावाला शोधतो!)

पुढे १९७०च्या दशकात वाकणकरांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्रांनी तिथे उत्खनन केलं. तळाशी मोठ्या दगडी कुऱ्हाडी, वर नखाएवढी दगडी पाती. आम्ही डिप्लोमावाले, पायासाठी खड्डे खणून थर मोजणारे, त्यामुळे एवढं लगेच कळतं: खालचं जुनं, वरचं नवं. पण वर्षं किती? त्यासाठी कोळसा, हाड, शंख लागतात. त्यांतला किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. मग वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते तपासतात.

आता खरी गंमत. भीमबेटकाला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. चाळीसगावजवळच्या पाटण्याला तर नक्षी कोरलेलं कवच निघालं, वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. शहामृग म्हणजे मोकळ्या, कोरड्या गवताळ रानातला पक्षी. म्हणजे तेव्हा आपल्याकडे पाऊस कमी होता. पुढे दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास मोसमी पाऊस वाढला, आणि बारीक पात्यांच्या थरांत माणसांची वर्दळ खूप वाढलेली दिसते. पावसामुळेच माणसं वाढली का? आम्हाला तसं वाटतं. पण दोन्ही तारखा स्वतंत्रपणे पक्क्या झाल्याशिवाय ते नुसतं वाटणंच.

आणि तारीख दगडात नसते, भोवतालच्या मातीत असते. आमच्या घरी शोकेसमध्ये एक दगडी पातं आहे. वीस वर्षांपूर्वी नर्मदेकाठी सर्वेक्षणाला गेलो असताना हौसेनं उचललं होतं. कुठल्या थरातलं, शेजारी काय होतं, काहीच लिहून ठेवलं नाही. एका जाणकारांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, परत हातात दिलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण आता याचं वय कुणालाच काढता येणार नाही."

या वर्षी भीमबेटकाची सहल ठरते आहे. मुलांच्या पिशव्या निघताना आम्ही तपासणार आहोत. मोठ्यांच्याही.